कोऱ्या पानाखालच्या सह्या

गुरुवारी सकाळी अंबूबाई मेथीच्या वाफ्यापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा निवृत्ती खाली मान घालून जुड्या बांधत होता. आधी त्याला ती ओळखूच आली नाही. तीन वर्षांत बाई वाळून काटकी झाली होती.

"वळखलं नाई का भाऊ?"

"वहिनी? या, या. कवा आल्या?"

"सातच्या गाडीनं. चिखलीहून दीपमालानं बसवून देलं."

अंबूबाई म्हणजे इंद्रभानची बायको. इंद्रभान एके काळी चिखली तालुक्यातला पहिल्या नंबरचा कबड्डीचा पंच. त्याची शिट्टी वाजली की भांडायला उठलेला खेळाडूही जागच्या जागी थांबायचा. बारा वर्षांपूर्वी पंच मंडळाने त्याला जन्मभरासाठी काढून टाकलं. तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतर अंबूबाई चिखलीला लेकीजवळ, दीपमालाकडे, राहायला गेली होती.

निवृत्तीच्या बायकोने, पुष्पाबाईने, चहा आणला. अंबूबाईने दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

"नवी घटना होऊन राह्यली म्हणते मंडळाची. दीपमालानं मोबाईलवर वाचून दाखोलं."

"हाव. रविवारी सभा हाय."

"मंग माही एक अर्जी हाय भाऊ. तुमी चिटणीस आहा. दरसाल सभेत तुमी गेलेल्या पंचायचे नावं वाचता, अन् एकेकाच्या नावानं शिट्टी वाजवता. त्यात आमच्या ह्यायचं नाव घ्या. एकडाव. मले दुसरं काईच नाई पायजे."

निवृत्तीने मेथीची जुडी उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. "त्याले शिक्षा होती ना वहिनी. सभेनं शिक्षा उठोली तरच नाव घेता येते."

"म्हणूनच आली. नवे नियम लिहून राह्यले तर त्यात ते बी लिहा. माह्या माहेरासाठी केलं असंल त्यायनं, चूक झाली असंल. पन माणूस गेला ना आता."

निवृत्तीने वर पाहिलं नाही. "पाहू," एवढंच तो म्हणाला.

ती गेल्यावर पुष्पाबाईने कप उचलले. "एवढ्या लांबून आली बिचारी, अन् तुमी धड बोलले बी नाई," ती म्हणाली. निवृत्ती विहिरीकडे चालू लागला. विहिरीवर काही काम नव्हतं.

त्याच्या खिशात नव्या घटनेचा मसुदा होता. जुनी घटना मंडळ सुरू झालं तेव्हा कुणीतरी वहीत लिहिलेली, सात पानांची. आता जिल्ह्याने कळवलं होतं की महिनाअखेरपर्यंत नवी घटना मंजूर करून पाठवा, नाहीतर तुमच्या तालुक्याचा एकही पंच कुठल्याच मैदानावर बोलावला जाणार नाही. मसुदा करायचं काम चिटणीस म्हणून निवृत्तीकडे आलं. बरीचशी कलमं जिल्ह्याच्या नमुन्यातून उतरवलेली होती. एकोणिसावं मात्र त्याने स्वतःच्या मनाने घातलं होतं: मंडळाने यापूर्वी व यापुढे दिलेल्या सर्व शिक्षा कायम राहतील व त्यांवर फेरविचार होणार नाही.

अध्यक्ष अविनाशने विचारलं होतं, "हे कशाला, भाऊ?" निवृत्ती म्हणाला होता, "जुने वाद उकरत बसायला नको." अविनाशला ते पटलं. तो शाळेत खेळ शिकवणारा, हिशोबी माणूस. वाद त्याला नकोच असायचे.

हे कलम आपण का घातलं, ते निवृत्तीला ठाऊक होतं. इतर कुणालाच ठाऊक नव्हतं.

आपल्याकडच्या पंचांची एक जुनी रीत आहे. सामना सुरू व्हायच्या आधीच मुख्य पंच कोऱ्या गुणपत्रकाखाली सही करून टाकतो. नियम असा की सामना संपल्यावर गुण तपासायचे आणि मग सही करायची. पण खेड्यातल्या मैदानावर शेवटची शिट्टी वाजली की हरलेलं गाव आत घुसतं, जिंकलेलं गाव नाचतं, आणि पंचाला शेवटची गाडी गाठायची असते. म्हणून सही आधी. बिनासहीचा कागद कुणी हिसकावला तर सामनाच रद्द होतो. सगळेच असं करायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी लोणारला अंतिम सामना होता, उंद्री विरुद्ध धामणगाव बढे. मुख्य पंच इंद्रभान. गुणलेखक निवृत्ती. इंद्रभानने टेबलापाशी येऊन कोऱ्या गुणपत्रकावर सही केली आणि निवृत्तीच्या पाठीवर थाप मारली. "लिही बे नीट. आज तुह्यं गाव हाय मैदानात."

मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. निवृत्ती पहिला अर्धा डाव डावीकडची बाजू म्हणजे उंद्री असं धरून लिहीत होता. दुसऱ्या डावात उंद्री उजवीकडे आली, आणि कागदावरही तिचा रकाना उजवा झाला, डावा धामणगावचा. बाकीचे गुण त्याने बरोबर लिहिले. पण उंद्रीच्या दीपकने एका चढाईत शेवटचे दोघे गडी बाद केले, धामणगाववर लोण चढला, मैदान नुसतं पेटलं, आणि त्या गोंधळात लोणाचे दोन गुण त्याच्या हाताने जुन्या सवयीने डाव्या रकान्यात गेले. फळ्यावर आकडे लिहिणारा त्याच्याच तोंडाकडे पाहून लिहायचा. तिथेही तेच चढलं. उंद्रीची पोरं ओरडली, पण कबड्डीत कोण ओरडत नाही? इंद्रभानची नजर पायांवर आणि रेषेवर होती.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा कागदावर धामणगाव सत्तावीस, उंद्री सव्वीस. "थांबा, तपासू द्या," असं इंद्रभान म्हणाला होता. निवृत्तीने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. पण तोवर माणसं आत घुसली होती. खाली सही होतीच. आयोजकाने कागद उचलला आणि माईकवर निकाल सांगून टाकला.

महिन्याभराने कुणाच्या तरी मोबाईलमधलं चित्रण पुढे आलं आणि मंडळाने चौकशी लावली. लोण उंद्रीचा होता हे सगळ्यांना दिसलं. मग दोन गुण तिकडे गेले कसे? निवृत्तीला विचारलं तेव्हा त्याच्यासमोर उंद्री उभी राहिली. त्याचं घर, त्याचं वावर, रोजचा पाराखालचा रस्ता. आपल्या पेनाने आपल्याच गावाला हरवलं, हे सांगून त्या गावात राहायचं कसं?

तो म्हणाला, "मुख्य पंचानं ज्या बाजूले हात दाखोला, त्या बाजूले म्या लिहिलं."

उंद्रीचा माणूस उंद्रीविरुद्ध खोटं का लिहील? कुणीही त्याच्यावर शंका घेतली नाही. इंद्रभानची सासुरवाडी मात्र धामणगाव बढे. तेवढं पुरलं.

इंद्रभानला एक वाक्य बोलता आलं असतं: सही मी आधी केली होती. पण समोर चौकशीला बसलेले तिघेही तसंच करत आलेले. ते वाक्य कागदावर गेलं असतं तर तालुक्यातले सगळेच पंच त्याच्याबरोबर बुडाले असते. त्याने निवृत्तीकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "सही माही हाय." त्यापुढे तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढच्या नऊ वर्षांतही नाही. यात्रेत कबड्डी लागली की तो गावात थांबत नसे, वावरात जाऊन बसायचा.

रविवारी अकराला उंद्रीच्या शाळेतल्या एका वर्गात सभा भरली. चौतीस जण आले. आल्या आल्या सगळ्यांनी इतिवृत्ताच्या वहीत कोऱ्या पानाखाली सह्या ठोकल्या, कारण बऱ्याच जणांना अडीचची चिखलीची गाडी पकडायची होती. अंबूबाई बाहेर ओट्यावर खिडकीखाली बसली. सभासद नसलेल्याला आत येता येत नाही.

निवृत्ती कलमं वाचू लागला. सातव्या कलमाला वर्ग हसला. त्यात लिहिलं होतं की सामन्याच्या दिवशी पंचाने तंबाखू खाऊ नये.

दीपक म्हणाला, "मंग मैदानात उभं कोण राहीन बे? सारे पंच घरीच बसतीन." हा तोच दीपक, लोणारला चढाई मारणारा. गुडघा गेल्यावर तो पंच झाला होता आणि आता सभेत शिट्टी वाजवायचं काम त्याच्याकडे होतं.

"तू आधी तोंडातली थुकून ये," वंदना म्हणाली. मंडळातली ती एकटीच बाई पंच.

"ताई, ही बडीशेप हाय."

"बडीशेप लाल कवापासून झाली?"

पुन्हा हशा पिकला. आठ, नऊ, दहा अशी कलमं हात वर होऊन झटपट मंजूर होत गेली. अठरावं झालं. निवृत्तीने पान उलटलं आणि थांबला.

"वाचा ना भाऊ," अविनाश म्हणाला.

त्याने कलम वाचलं. मग कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याला समोरचे चेहरे नीट दिसत नव्हते, ते एक बरं झालं.

"हे कलम म्या घातलं," तो म्हणाला. "इंद्रभानची फाईल कोणी उघडू नाई म्हणून घातलं. लोणारले लोणाचे दोन गुण म्या चुकीच्या रकान्यात टाकले. बाजू बदलल्या होत्या, माह्या ध्यानात राह्यलं नाई. इंद्रभाननं हात बरोबर दाखोला होता. त्याची सही सामन्याच्या आधीची होती. चौकशीत म्या खोटं बोललो. त्याची शिक्षा उठवा, हे कलम काढा, अन् मले जी शिक्षा द्यायची ते द्या."

खिडकीबाहेर काही हललं नाही. 

पहिला बोलला तो दीपक. त्याचा आवाज बारीक झाला होता. "काका, ते माही चढाई होती. जिल्ह्याचे निवडणारे आले होते त्या दिवशी पाहाले. हरलेल्या संघातला एक बी पोरगा त्यायनं घेतला नाई."

"माहीत हाय मले."

"तुमी मले त्या साली गणपतीत पेढा देला होता. म्हणे, पुढच्या साली जिंकसान."

निवृत्तीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

अविनाश उभा राहिला. "भाऊ, तुम्ही बोललात, सगळ्यांनी ऐकलं. पण हे इतिवृत्तात घेता येणार नाही. विषयपत्रिकेत नाही ते."

"काऊन घेता येत नाई?" वंदनेने विचारलं.

"ताई, सही आधीची होती हे लिहिलं, तर जिल्हा विचारेल की बाकीच्या सामन्यांचं काय? तुमच्या सह्या कधीच्या? माझ्या कधीच्या?" त्याने वर्गावरून नजर फिरवली. "ज्यानं एकदाही कोऱ्या कागदावर सही केली नाही, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. वंदनेचाही नाही.

"माणूस तर गेला," मागून कुणी म्हणालं. "त्याले आता काय फरक पडते?"

"घटना आज पास झाली नाई तर पोराबाळायचे सामने जातीन हातचे," दुसरा म्हणाला.

अविनाशने कलम एकोणीस मताला टाकलं. हात एकेक करून वर गेले. दीपकने खिडकीकडे पाहिलं, मग निवृत्तीकडे, आणि शेवटी त्यानेही हात वर केला. वंदनेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हात मांडीवरच ठेवला. निवृत्तीने विरोधात हात केला. कलम मंजूर झालं. निवृत्तीला कुणी शिक्षा दिली नाही. जे घडलंच नाही असं ठरलं, त्याची शिक्षा तरी काय देणार?

शेवटी नावं वाचायची होती. ते काम चिटणीसाचं. सगळे उभे राहिले. निवृत्तीने नऊ नावं वाचली आणि दीपकने नऊ वेळा शिट्टी वाजवली, दरवेळी लांब, सामना संपल्याची. मग निवृत्तीने कागदावर नसलेलं दहावं नाव घेतलं.

"इंद्रभान."

शिट्टी दीपकच्या ओठात होती. त्याने अविनाशकडे पाहिलं. अविनाश खाली पाहत होता. एका शिट्टीला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे तसेच उभे राहिले. निवृत्तीचा हात खिशाकडे गेला. खिशात पेन होतं. गुणलेखकाकडे शिट्टी नसते.

दीपकने ओठातली शिट्टी काढून सदऱ्याला पुसली. मग चहा आला.

निवृत्ती बाहेर आला तेव्हा ओटा रिकामा होता. अंबूबाई त्याला फाट्यावर दिसली, बसथांब्याच्या पत्र्याखाली. तिने त्याला येताना पाहिलं आणि पिशवी जवळ ओढून घेतली. तिच्या बाजूला जागा होती, पण निवृत्ती उभाच राहिला.

"तुमी ऐकलं, वहिनी."

"ऐकलं."

 ती रस्त्याकडे पाहत बोलली, पण त्याच्याशी बोलतेय असं वाटत नव्हतं.

"म्या त्याईले एकडाव विचारलं होतं. जेवाले बसले होते. म्हटलं, खरं सांगा, माह्या भावासाठी केलं का? त्याईनं ताट सारलं अन् उठले. त्या दिवसापासून त्याईनं माह्या माहेरचं पाणी घेतलं नाई. भावाच्या पोरीच्या लग्नाले आले नाई. म्या समजली, केलंच असंल, म्हणून लाज वाटून राह्यली." ती थांबली. "नऊ वरसं माणूस माह्या हातचं जेवला, अन् मले वाटे, हा चोर हाय. माह्यासाठी झालेला, पन चोर."

"चूक माही होती वहिनी."

"तुमची एक दिवसाची होती. माही नऊ वरसायची झाली. ते तुमच्यापाई." तिचा आवाज चढला नाही. "गुरुवारी म्या तुमच्या वावरात आली, तवा बी तुमी मेथी बांधत राह्यले. आता मले सांगतलं. आता म्या कोणाले सांगू? जाऊन त्याईले सांगू का कुठं?"

लांबून बस दिसली. ती उठली आणि पदर सारखा केला.

"नाव घेतलं का मंग?"

"घेतलं."

"शिट्टी?"

वाजली म्हटलं असतं तर तिला खरं वाटलं असतं. नावं वाचली तोवर ती ओट्यावरून उठून गेली होती. निवृत्तीच्या तोंडापर्यंत ते आलंही होतं.

"नाई वाजली," तो म्हणाला.

तिने मान हलवली, जणू तिला दुसरं काही अपेक्षितच नव्हतं. बसमध्ये चढून ती पलीकडच्या बाजूला बसली.

घरी आल्यावर निवृत्तीने इतिवृत्ताची वही उघडली. पानाच्या तळाशी चौतीस सह्या होत्या आणि वर सगळं कोरं. तिथं काहीही लिहिता आलं असतं. इंद्रभान निर्दोष, सर्वानुमते, असं लिहिलं असतं तरी खाली सगळ्यांच्या सह्या होत्याच. त्याने तसं केलं नाही. जसं घडलं तसंच लिहिलं. आपण काय बोललो, अध्यक्ष काय बोलले, हात किती वर गेले, दहाव्या नावाला शिट्टी वाजली नाही. लिहून झालं तेव्हा दिवस मावळत होता. पुष्पाबाईने दारातूनच पाहिलं आणि काही विचारलं नाही. गावातून तिच्या कानावर आलंच होतं.

मंगळवारी अविनाश घरी आला, वही घेऊन गेला आणि जाताना निवृत्तीच्या पायाला हात लावून गेला. गुरुवारी दीपक मोटारसायकलवर वही परत घेऊन आला आणि वाफ्याच्या कडेला थांबला.

"सही पायजे तुमची," तो म्हणाला. आज तो काका म्हणाला नाही.

निवृत्तीने वही उघडली. त्याने लिहिलेलं पान शिलाईपासून फाडलेलं होतं. पुढचं पान कोरं. खाली सह्या होत्या, तेहतीस. वंदनेचीही होती, इतरांपेक्षा जरा बारीक.

"वर काय लिहिणार?"

"अध्यक्ष लिहितीन. घटना सर्वानुमते मंजूर. बस."

"लिहून आण. मंग पाहतो."

"सगळ्यायनं केल्या ना."

"म्या बी करतच होतो."

दीपकने गुडघ्यावर हात ठेवला. हिवाळ्यात तो गुडघा दुखायचा. "नाई केली तर नवा चिटणीस करतीन ते. कलम सतरा. तुमीच लिहिलं."

"करू दे."

"अन् मंडळातून तुमचं नाव काढलं तर ते बी पक्कं. एकोणीस."

"हाव. ते बी म्याच लिहिलं."

निवृत्तीने वही मिटून त्याच्या हातात दिली. दीपकने ती सदऱ्याखाली पोटाशी खोचली, गाडीला किक मारली आणि पुन्हा बंद केली.

"त्या दिवशी खरे गुण किती होते?"

निवृत्तीला आठवावं लागलं नाही. बारा वर्षं तो आकडा त्याला पाठ होता.

"उंद्री अठ्ठावीस. धामणगाव पंचवीस."

"मंजे आपण जिंकलो होतो."

"हाव."

 दीपकने पोटाशी खोचलेली वही नीट आत सरकवली, गाडी सुरू केली आणि अविनाशच्या घराच्या वाटेला लागला.